घटक ४ : मेंढरू, लोकर आणि घोडा – नांदेड-लातूर परिसरातील पशुपालकांची शब्दसंपदा

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला :
• व्यवसाय आणि शब्दसंपदा यांचा परस्परसंबंध उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• मेंढपाळी, घोंगडी विणणे आणि अश्वपालन या तीन क्षेत्रांतील मराठी शब्दांचे वर्गीकरण करता येईल.
• त्या शब्दांच्या मुळांवरून प्रदेशाच्या इतिहासाविषयी अनुमान करता येईल.
• वाक्प्रचारात टिकलेला शब्द आणि कामात टिकलेला शब्द यांतील फरक सांगता येईल.
• आपल्या घरातील व गावातील व्यवसायशब्दांची पद्धतशीर नोंद करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण प्रमाणभाषा आणि बोली यांचा विचार केला. बोलीचा विचार करताना आपले लक्ष बहुधा उच्चारांकडे आणि प्रत्ययांकडे जाते. बोलीचे खरे वैभव मात्र अनेकदा तिच्या व्यवसायशब्दांत असते. शेतकरी, मेंढपाळ, विणकर, नालबंद अशा प्रत्येकाजवळ आपल्या कामापुरती एक काटेकोर भाषा असते. तिच्यातील प्रत्येक शब्दामागे एक कृती आणि त्या कृतीमागे अनुभवाने मिळालेले ज्ञान असते.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी मेंढरे, शेळ्या, गुरे असतील किंवा एका पिढीपूर्वी असतील. घरात बोलले जाणारे हे शब्द अभ्यासाच्या योग्यतेचे नाहीत, असे तुम्हांला कदाचित कोणी सांगितलेले असेल. या घटकाची भूमिका त्याच्या नेमकी उलट आहे. मराठी पदवीच्या अभ्यासक्रमाला आज ज्या साधनसामग्रीची सर्वाधिक गरज आहे, ती तुमच्या ओसरीवर आणि शेताच्या बांधावर आहे. तिचा काही भाग पुढील काही वर्षांत नाहीसा होण्याचाही संभव आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ परिसर आणि पशुपालक

नांदेड जिल्ह्यात गोदावरी आणि मांजरा यांच्या काठी काळी, सखोल जमीन आहे. मात्र लोहा, कंधार, मुखेड या तालुक्यांत आणि लातूर जिल्ह्यातील अहमदपूर, जळकोट, उदगीर या भागांत बालाघाटाच्या रांगांचे उतार व मुरमाड माळराने लागतात. अशा जमिनीवर केवळ पिकांच्या भरवशावर संसार चालत नाही. त्यामुळे कोरडवाहू शेतीला जनावरांची जोड देण्याची पद्धत येथे जुनी आहे. ‘लाल कंधारी’ आणि ‘देवणी’ या गोवंशांची नावे येथील गावांवरूनच पडली आहेत. मुखेड येथे राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्रही आहे.

मेंढपाळी हा येथील धनगर-हटकर समाजाचा परंपरागत व्यवसाय. या प्रदेशात प्रामुख्याने ‘दख्खनी’ जातीची मेंढी पाळली जात आली. ती काटक, बहुधा काळी किंवा करडी असून तिची लोकर जाडीभरडी असते. तिचा वावर महाराष्ट्राबरोबर कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र प्रदेशातही आहे. नांदेड व लातूर हे दोन्ही भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात आणि त्यानंतर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू बोलणारी माणसे एकाच राज्यात राहत आणि एकाच बाजारात भेटत. शब्दांच्या प्रवासाचा विचार करताना ही पार्श्वभूमी लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

४.२.२ मेंढराचे शब्द

प्रथम अगदी साधे शब्द पाहू. मेंढीचे पिल्लू ते कोकरू, शेळीचे करडू, गाईचे वासरू, म्हशीचे रेडकू आणि घोडीचे शिंगरू. मेंढरू व शेळी यांच्या लेंड्या, गाईचे शेण आणि घोड्याची लीद. शहरी बोलण्यात या सर्वांचे काम ‘पिल्लू’ आणि ‘शेण’ या दोन शब्दांवर भागते. पशुपालकाला ते भागवून चालत नाही, कारण प्रत्येकाचा उपयोग, किंमत आणि निगा वेगळी असते. जेथे व्यवहारात भेद करावा लागतो, तेथे भाषा वेगळा शब्द निर्माण करते. हे शब्दसंपदेचे पहिले सूत्र होय.

आता लिंगव्यवस्था पाहा. ‘मेंढा’ पुल्लिंगी, ‘मेंढी’ स्त्रीलिंगी आणि ‘मेंढरू’ नपुंसकलिंगी. व्याकरणाच्या पुस्तकात ही तीन रूपे एका ओळीत येतात. वाड्यावर मात्र त्यांचे तीन अर्थ आहेत. मेंढी ही कळप वाढवणारी म्हणून राखायची. पैदाशीला लागतील तेवढेच मेंढे ठेवून बाकीचे विकायचे. नर-मादी असा भेद न करता संपूर्ण कळपाविषयी बोलायचे असेल तेव्हा ‘मेंढरं’ म्हणायचे. पैदाशीच्या किंवा झुंजीच्या नरासाठी ‘एडका’ हा आणखी एक शब्द आहे. त्याचे मूळ संस्कृत ‘एडक’ या शब्दात आहे.

‘वाडा’ या शब्दाचा प्रमाण मराठीत अर्थ मोठे, चौकाचे घर असा आहे. फिरत्या मेंढपाळाच्या भाषेत ‘वाडा’ म्हणजे कुटुंब, मेंढरे, कुत्री आणि तट्टावर लादलेला संसार मिळून होणारा मुक्काम. त्याला भिंती नसतात आणि आज येथे असलेला वाडा उद्या दुसऱ्या शिवारात असतो. रात्री मेंढरे कोंडण्यासाठी खुंट्या रोवून जे जाळे लावतात, त्याला ‘वाघूर’ किंवा ‘वाघर’ म्हणतात. संस्कृतातील ‘वागुरा’ म्हणजे शिकाऱ्याचे जाळे. शिकार पकडण्याच्या साधनाचे नाव येथे कळप राखण्याच्या साधनाला मिळाले आहे. अर्थपरिवर्तनाचे हे एक उत्तम उदाहरण आहे.

‘मेंढरं बसवणे’ हा प्रयोगही पाहण्यासारखा आहे. पीक निघाल्यावर शेतकरी मेंढपाळाला आपल्या रानात मुक्काम करण्यास सांगतो. मेंढरे पालापाचोळा खातात आणि त्यांच्या लेंड्या व मूत्र थेट जमिनीत पडते. खुरांनी ते मातीत कालवले जाते. खत वाहून आणावे लागत नाही, पसरावेही लागत नाही. त्याबदल्यात मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. वाघूर दर रात्री थोडी पुढे सरकवली की सर्व शेताला सारखे खत मिळते. ‘बसवणे’ या एका साध्या क्रियापदात दोन व्यवसायांचा करार सामावला आहे.

४.२.३ लोकर ते घोंगडी

दख्खनी मेंढीची लोकर सामान्यतः वर्षातून दोनदा कातरतात. कातरण्यापूर्वी मेंढरे ओढ्यात किंवा तळ्यात धुतात. एका मेंढरापासून वर्षभरात मिळणारी लोकर किलोभरापेक्षाही कमी भरते. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या मऊ लोकरीला ‘जावळ’ म्हणतात आणि जावळाची घोंगडी सर्वांत मऊ मानली जाते. तान्ह्या मुलाच्या पहिल्या केसांनाही मराठीत ‘जावळ’ हाच शब्द आहे. घरातील मूल आणि वाड्यावरील कोकरू यांना भाषेने एकाच शब्दाने कुरवाळले आहे. या शब्दातील जिव्हाळा कोशातील अर्थ वाचून कळत नाही. तो वापरणाऱ्याकडून ऐकावा लागतो.

यापुढील क्रम असा : लोकर रंगांप्रमाणे निवडणे, ती पिंजणे, तिचे सूत कातणे, ताणा लावणे, ताण्याला चिंचोक्याची खळ देणे, तो वाळवणे आणि मग खड्डामागावर विणणे. सूत काढण्याचे काम बहुधा स्त्रिया करीत आणि विणण्याचे काम पुरुष. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून आणि शिजवून केलेली खळ सुताला ताठपणा देते. महाराष्ट्राच्या अनेक भागांत विणण्याचे हे काम सणगर व खुटेकर हे समाज करीत आले.

तयार वस्त्राला घोंगडी, घोंगडे किंवा कांबळे म्हणतात. ‘कांबळे’ हा संस्कृत ‘कम्बल’ शब्दापासून आला आहे आणि कन्नडमध्येही ‘कंबळी’ आहे. देगलूर-बिलोलीच्या बाजूस राहणाऱ्या विद्यार्थ्यांना ठाऊकच असेल की तेलंगणातील तेलुगूतही ‘गोंगडि’ असाच शब्द चालतो. राज्यांच्या सीमा १९५६ मध्ये आखल्या गेल्या. घोंगडी मात्र त्याआधीपासून दोन्हीकडे पांघरली जात होती.

घोंगडी हे मेंढपाळाचे अंथरूण, पांघरूण आणि पावसातील छत्र. एका टोकाला दुमडून डोक्यावर टोपीसारखी घेतली की तिची ‘खोळ’ होते. लोकरीत नैसर्गिक स्निग्धता असल्यामुळे हलक्या सरीचे पाणी घोंगडीवरून निथळून जाते. मात्र ती एकदा पुरती भिजली की जड होते आणि पावसाळी हवेत लवकर वाळत नाही. ‘भिजत घोंगडे’ हा वाक्प्रचार आपण रखडलेल्या प्रकरणासाठी वापरतो. त्याचा उगम या अनुभवात आहे. ज्याने भिजलेले घोंगडे खांद्यावर वाहिले, त्यानेच हा वाक्प्रचार घडवला असला पाहिजे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
योग्य शब्द लिहून रिकाम्या जागा भरा.
(१) घोडीच्या पिल्लाला ........ म्हणतात.
(२) मेंढरे कोंडण्याच्या जाळ्याला ........ म्हणतात.
(३) ताण्याला ........ खळ देतात.
(४) ‘एडका’ या शब्दाचे मूळ ........ या संस्कृत शब्दात आहे.

४.२.४ घोड्याचे शब्द

आता घोड्याशी संबंधित शब्द पाहा : लगाम, रिकीब, खोगीर, तोबरा, नाल, नालबंद, पागा. रंगांची नावे घ्या : अबलख, कुमाईत, नुकरा. मेंढराच्या शब्दांहून हे शब्द वेगळे वाटतात, कारण ते बहुतांशी अरबी-फारसीतून आले आहेत. मेंढराचे शब्द मात्र संस्कृत-प्राकृताच्या परंपरेतून आले किंवा शेजारच्या द्राविडी भाषांच्या सहवासात वाढले.

असे का झाले असावे? मेंढरू हे घराचे आणि रानाचे जनावर. त्याची भाषा आईकडून आणि आजोबांकडून मिळाली. घोड्याचे मोल मात्र राज्यसत्तेने वाढवले. बहमनी व बरीदशाही राजवटींची राजधानी असलेले बीदर उदगीरपासून जवळ आहे. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी निजामाच्या सैन्याशी उदगीर येथेच लढाई जिंकली. सैन्य, पागा आणि दरबार यांच्या व्यवहारात फारसीचे वर्चस्व होते. घोड्याचे सामान ज्या भाषेत मागितले जाई, त्या भाषेतील शब्द मराठीत रुळले.

येथे एक बारकावा लक्षात घ्या. ‘घोडा’ हा शब्द स्वतः ‘घोटक’ या शब्दापासून आला आहे. जनावराचे नाव घरचे आणि त्याच्या साजाचे नाव दरबारचे, अशी ही विभागणी आहे. शुभाशुभ पाहणाऱ्यांनी घोड्याच्या अंगावरील भोवऱ्यांना दिलेली ‘देवमण’सारखी नावे मात्र देशीच राहिली. चार पाय व तोंड पांढरे असलेला घोडा तो ‘पंचकल्याणी’. हाही संस्कृतातून घडलेला शब्द आहे. तात्पर्य, एकाच जनावराभोवती शब्दांचे दोन थर साचले आहेत. सामानाचा थर सत्तेकडून आला आणि श्रद्धेचा थर परंपरेकडून.

घोडा केवळ सरदारांचा होता असेही नाही. महाराष्ट्रातील फिरत्या मेंढपाळांच्या वाड्यांबरोबर ओझे वाहणारी लहान, काटक तट्टे असतात. भांडीकुंडी, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरे आणि कधी लहान मुलेही त्यांच्या पाठीवर असतात. ‘भीमथडी’ या दख्खनी तट्टाच्या जातीला अलीकडे राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे. ज्या तट्टांनी मराठ्यांच्या फौजा वाहिल्या, त्यांचा वंश आज मुख्यतः मेंढपाळांनी सांभाळला आहे.

४.२.५ माळेगावची यात्रा : दोन शब्दसंपदांची भेट

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लोहा तालुक्यात माळेगाव आहे. येथे मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट आणि गुरे यांच्या बाजारासाठी ती दूरवर प्रसिद्ध आहे. वाघ्या-मुरळी, कुस्त्या, पशुप्रदर्शन आणि लावणी हीही तिची अंगे आहेत. घोड्याचे दात पाहून वय ठरवणे, त्याची रेवाल किंवा दुडकी चाल चालवून पाहणे, भोवरे तपासणे, या सर्व क्रियांची भाषा येथे प्रत्यक्ष वापरात ऐकू येते.

खंडोबाच्या कथेतही हीच भेट दिसते. खंडोबा घोड्यावर स्वार असलेला, राजवेषातील देव आहे. त्याची दुसरी पत्नी बाणाई ही धनगराची कन्या. लोककथेनुसार बाणाईसाठी तो राजवेष टाकून तिच्या पित्याच्या वाड्यावर मेंढरे राखण्याची चाकरी करतो. तेथे तो मेंढरे मारतो आणि बाणाईशी विवाहाचे वचन मिळाल्यावर पुन्हा जिवंत करतो. घोड्याच्या देवाला येथे मेंढराच्या घरी चाकर व्हावे लागते. घोड्याची प्रतिष्ठा आणि मेंढराचा जिव्हाळा यांचा समेट लोकमनाने या कथेत घडवला आहे. खंडोबाच कर्नाटकात ‘मैलार’ आणि तेलंगणात ‘मल्लण्णा’ या नावांनी पुजला जातो. ‘येळकोट’ या घोषातील ‘येळ’ हा कन्नड ‘एळु’, म्हणजे सात, या शब्दाशी जोडला जातो.

या परंपरेचा सखोल अभ्यास जर्मन संशोधक गुंथर सोन्थायमर यांनी केला. महाराष्ट्रातील धनगरांच्या ओव्या व कथा त्यांनी प्रत्यक्ष वाड्यांवर जाऊन ध्वनिमुद्रित केल्या. मराठीत रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४ च्या ग्रंथात विठ्ठलाच्या पशुपालक परंपरेतील मुळांचा शोध घेतला. व्यंकटेश माडगूळकर यांची १९५५ ची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी माणदेशातील धनगरांच्या वस्तीवर आधारलेली आहे. मराठवाड्यातील मेंढपाळांच्या शब्दांशी तिच्यातील शब्दांची तुलना करणे हा एक चांगला अभ्यासविषय ठरेल.

४.२.६ काम थांबले की शब्द कोठे जातो?

गिरणीतील स्वस्त ब्लँकेटे आणि प्लॅस्टिकचे कागद आल्यावर घोंगडीची मागणी ओसरली. जाडी लोकर मऊ वस्त्रांना चालत नाही. त्यामुळे अनेक ठिकाणी लोकर कातरण्याचा खर्चही तिच्या विक्रीतून निघत नाही आणि कातरलेली लोकर टाकून द्यावी लागते. मेंढपाळाचे उत्पन्न आज मुख्यतः मांसासाठी विकल्या जाणाऱ्या मेंढ्यांवर आणि कोकरांवर आहे. साहजिकच, वजनाने भरणाऱ्या पण लोकर कमी देणाऱ्या माडग्याळसारख्या जातींकडे ओढा वाढला. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढरे होती. म्हणजे मेंढरू आहे, पण त्याच्या अंगावरील लोकरीचे काम उरलेले नाही. घोड्याची स्थिती याहून बिकट आहे. देशातील घोडे व तट्टे २०१२ मध्ये सुमारे ६ लाख २५ हजार होती. २०१९ मध्ये ती सुमारे ३ लाख ४२ हजारांवर आली.

कामाबरोबर शब्दांचे काय होते? त्यांच्यापुढे दोन वाटा असतात.

पहिली वाट वाक्प्रचाराची. ‘पिंजणे’ हे काम थांबले, तरी पोलीस अजून परिसर ‘पिंजून काढतात’. खोगिरात काहीबाही कोंबून भरत असत, त्यावरून निरुपयोगी भरतीला ‘खोगीरभरती’ म्हणतात. ‘घोडे पेंड खाणे’, ‘गंगेत घोडे न्हाणे’, ‘वरातीमागून घोडे’ हे प्रयोग आयुष्यात कधी घोडा न पाळलेली माणसेही करतात. या वाटेने शब्द टिकतो, परंतु त्यातील ज्ञान गळून जाते. ‘भिजत घोंगडे’ म्हणणाऱ्या शंभरांपैकी किती जणांना ते का वाळत नाही हे सांगता येईल?

दुसरी वाट विस्मरणाची. वाघूर, खोळ, लोकरीच्या अर्थी जावळ, सुताची खळ या शब्दांना वाक्प्रचाराचा आधार मिळालेला नाही. ते केवळ काम करणाऱ्यांच्या जिभेवर आहेत. विणणारी शेवटची पिढी गेली की हे शब्द फार तर कोशात सापडतील, तेही सर्व नाहीत. कोशातही ‘एक प्रकारचे जाळे’ एवढाच अर्थ राहील. ते दर रात्री किती सरकवायचे, हे कोश सांगत नाही.

सर्व जुने टिकलेच पाहिजे असा आग्रह येथे अभिप्रेत नाही. पावसात मेंढरांमागे उभे राहणे किती कष्टाचे आहे, हे ज्यांनी सोसले त्यांच्या मुलांनी दुसरा मार्ग निवडला, तर त्यात गैर काही नाही. परंतु काम सोडताना त्या कामाचे ज्ञान लिहून ठेवणे शक्य असते. पूर्वीच्या पिढीजवळ शब्द होते, अनेकदा लेखणी नव्हती. तुमच्यापाशी लेखणी आहे आणि शब्द जाणणारी माणसे अजून हयात आहेत. हा योग फार काळ टिकणारा नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
पुढील विधाने चूक की बरोबर ते लिहा.
(१) घोड्याच्या सामानाची नावे बहुतांशी अरबी-फारसीतून आली आहेत.
(२) माळेगावची यात्रा लातूर जिल्ह्यात भरते.
(३) खंडोबाला तेलंगणात ‘मल्लण्णा’ म्हणतात.
(४) वाक्प्रचारात टिकलेल्या शब्दातील व्यवसायज्ञान नेहमीच टिकते.

४.३ सारांश

व्यवहारात भेद करावा लागतो तेथे भाषा वेगळा शब्द निर्माण करते. नांदेड-लातूर परिसरातील मेंढराचे शब्द घरगुती परंपरेतून आणि शेजारभाषांच्या सहवासातून आले. घोड्याच्या साजाचे शब्द प्रामुख्याने राज्यसत्तेच्या भाषेतून आले. माळेगावची यात्रा आणि खंडोबा-बाणाईची कथा यांत या दोन्ही परंपरा एकत्र येतात. लोकरीचे काम घटल्यामुळे तिचे काही शब्द वाक्प्रचारात स्थिरावले, तर काही विस्मरणाच्या वाटेवर आहेत. शब्द कृतीसह नोंदवला, तरच त्यातील ज्ञान टिकते.

४.४ शब्दार्थ

खोळ – डोक्यावर घेण्यासाठी घोंगडीची केलेली दुमड
तोबरा – घोड्याच्या तोंडाला बांधायची चंदीची पिशवी
अबलख – दोन रंगांचे पट्टे असलेला (घोडा)
रेवाल – घोड्याची स्वाराला धक्का न देणारी जलद चाल
ताणा – मागावरील उभे धागे

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) शिंगरू (२) वाघूर / वाघर (३) चिंचोक्याची (४) एडक
प्रश्न २ : (१) बरोबर (२) चूक (३) बरोबर (४) चूक

४.६ सरावासाठी स्वाध्याय

(१) ‘मेंढरं बसवणे’ या प्रयोगातून शेतकरी व मेंढपाळ यांचे संबंध कसे स्पष्ट होतात, ते लिहा.
(२) मेंढराचे शब्द आणि घोड्याचे शब्द यांच्या मुळांतील फरकाची ऐतिहासिक कारणमीमांसा करा.
(३) टीप लिहा : खंडोबा-बाणाई कथेतील घोडा आणि मेंढरू.
(४) ‘वाक्प्रचार हे विस्थापित शब्दांचे घर आहे.’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.

४.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या घरातील किंवा गावातील मेंढपाळ, विणकर, नालबंद अथवा पशुपालक अशा एका ज्येष्ठ व्यक्तीशी बोलून किमान २५ व्यवसायशब्दांची नोंदवही तयार करा. पुढील सूचना पाळा.

(अ) प्रथम हेतू सांगून परवानगी घ्या. कामाच्या वेळी अडथळा आणू नका.
(आ) शब्द जसा ऐकला तसाच लिहा. ‘घोंगडं’ असे ऐकले असेल, तर ‘घोंगडे’ करू नका.
(इ) अर्थ विचारण्याऐवजी कृती करून दाखवण्याची विनंती करा आणि ती क्रमाने लिहा.
(ई) प्रत्येक शब्दापुढे त्या व्यक्तीने उच्चारलेले एक संपूर्ण वाक्य नोंदवा.
(उ) तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडे तोच शब्द आहे का, ते पाहा.
(ऊ) नोंदवही पूर्ण झाल्यावर ती त्या व्यक्तीला वाचून दाखवा. चूक दाखवली गेल्यास ती मान्य करून दुरुस्त करा. या विषयात त्या व्यक्तीचा अधिकार आपल्यापेक्षा मोठा आहे.